नऊ नंबर मरत नाही

तक्रारवहीत मी लिहिते:
‘नऊ नंबर मरत नाही.
चौदा नंबर विनाकारण मरतो.’
हिंगण्याच्या ऑफिसात साहेब आधी हसले,
मग म्हणाले, गजभिये, ‘सेन्सरमध्ये बिघाड’ असं लिहीत जा.
पण मैदानावर पोरं असंच सांगतात,
आणि वही मैदानाची आहे.

बंदुकीचं वजन खऱ्याइतकंच.
मॅगझिन तसंच खटकन बसतं,
गॅसचा धक्का खांद्याला तसाच लागतो,
फक्त नळीतून काही बाहेर येत नाही.
म्हणजे येतं,
पण दिसत नाही,
आणि समोरच्याच्या जाकिटावरच्या काळ्या टिकलीला लागलं
की तो माणूस वाजायला लागतो.

वाजणं बंद करायची चावी माझ्या गळ्यात असते.
सकाळी सहापासून मी झुडपाझुडपांतून फिरते,
मेलेल्यांना उठवत.
पहिल्या आठवड्यात मजा वाटली होती.
आता गुडघे दुखतात.

मे महिन्यात साडेनऊनंतर सराव नाही.
ऊन असं सांडतं जाकिटांवर
की टिकल्या आंधळ्या होतात,
गोळी लागली की सूर्य, त्यांना कळत नाही.
माहितीपुस्तकात चाळीस अंशांपर्यंतची हमी आहे.
ज्यानं ते लिहिलं
तो नागपूरला उतरलेला नाही.
हवालदार उईके म्हणतात,
‘मॅडम, इथं दुपारी दुश्मनबी पन्हं पिऊन झोपते.’

त्या दिवशी नऊला पाच कमी होते.
बावीस नंबर, हिरामण टेकाम, आलापल्लीकडचा,
पळसाखाली पडला होता, शिकवल्यासारखा उताणा,
बंदूक पोटावर, टोपी तोंडावर,
आणि छाती एकसारखी वाजत.
मी वाकले. चावी लावणार,
तर त्यानं भोकावर तळवा ठेवला.

‘राहू द्या न मॅडम.
थोडा वेळ मले मेलेलाच राहू द्या.’

वाटलं, दमलाय.
म्हटलं, ऊठ बाप्पा, अजून एक फेरी आहे.

टोपीखालून आवाज आला:
‘माह्या भाऊ होता, पोलिसात.
त्याचं काही वाजलं नाही.
संगं होते त्याहीले दहा मिनटं समजलंच नाही.
दहा मिनटं किती असते
ते पाहून राहिलो.’

मी खाली बसले.
मुंग्यांची एक रांग त्याच्या बुटाला वळसा घालून चालली होती.
तो आवाज मीच बसवलेला,
तीनशे जाकिटांमध्ये, माझ्या टेबलावर,
कानाला टोचेल इतका, मुद्दाम,
म्हणजे मेलेला लपून राहू नये.
पलीकडे शिट्टी झाली. कुणी कुणाला शिवी दिली.
पळसाचं एक पान त्याच्या पट्ट्यावर पडलं,
ते मी काढलं नाही.

‘झाले?’ त्यानं विचारलं.
मी घड्याळ पाहिलं. सात.
‘लय मोठे असते,’ तो म्हणाला
आणि तळवा बाजूला घेतला.

चावी फिरवली.
एकदम इतकं शांत झालं
की लांबच्या ट्रकचा गिअर बदललेला ऐकू आला.
तो उठला, पार्श्वभाग झटकला, पळत गेला.
पुढच्या फेरीत त्यानं तिघांना मारलं, असं यंत्र सांगतं.

यंत्र हेही सांगतं:
बावीस नंबर, मृत, सात मिनिटं बारा सेकंद.
साहेबांनी बोट ठेवलं. नियम दोन मिनिटांचा आहे.
मी म्हटलं, चावी अडकली होती.
वहीतही तेच लिहिलं.
त्या वहीतली ती एकच खोटी ओळ.

परतताना टी पॉइंटला सिग्नल, नव्वद सेकंदांचा.
वर हिरवी जाळी बांधलेली,
खाली सगळे दुपट्ट्यांत तोंडं गुंडाळून,
आणि चाळीसाव्या सेकंदालाच मागून हॉर्न सुरू.
मी आकडे पाहत राहिले.

नऊ नंबर अजूनही मरत नाही.
काच पुसली, वायर बदलली,
दोन पोरांनी पाच पावलांवरून नेम धरला,
तो आपला उभा, हसत.
उद्या बघू.
घाई काय आहे.