नववा आकडा

सोहारच्या यार्डात, कुंपणाला लागून समुद्र,
तिथं डिझेलची एक जुनी टाकी. तिच्या पोटावर
पुरुषभर उंचीचे आठ आकडे:
७३९३९१३३.

मोठ्यानं वाचून बघा. सात कोटी
एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.
जीभ दोनदा त्याच पायरीवर पडते.

मी स्टोअरकीपर. आधी देवरुखला गणित शिकवायचो,
विनाअनुदानित, म्हणजे जवळजवळ फुकट.
रात्रपाळीत चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर
हिला भागत बसलो: सातानं, अकरानं, तेरानं,
थेट आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंत जावं लागतं,
त्यापुढं तीच रांग उलटी फिरते.
सव्वा महिना गेला. बाकी एकदाही शून्य नाही.

मूळ संख्या. बरं. तशा पुष्कळ असतात.

पण टाकीची उजवी बाजू समुद्राकडे,
खारा वारा तिकडूनच रंग खातो.
मार्चमध्ये शेवटचा तीन गेला.
उरलेली भागून पाहिली. मूळ.
मग मीच पुढचा तीन तळहातानं झाकला. मूळ.
एक झाकला, नऊ झाकला, तीन झाकला,
७३९,
७३,
७.
वाटेत कुणीच फुटलं नाही.

डावीकडून हाच खेळ करा, फसतो.
वाटेत १३३ लागते, आणि एकोणीस सत्ते तेहेतिसासे
हे चौथीतलं पोरही ओरडून सांगेल.

माझा पगार एकशे ऐंशी रियाल.
त्याला कशानंही भाग जातो: दोनानं, नवानं,
मेसच्या बिलानं, भाचीच्या नर्सिंगच्या फीनं.
बाकी शून्य.

जूनमध्ये मस्कतहून फर्मान आलं:
यापुढं सगळे क्रमांक नऊ आकडी,
जुन्यांच्या शेवटी एक जोडा, कुठलाही.

कुठलाही!
एक जोडला तर तिनानं भाग जातो, सात जोडला तर नवानं.
सम आकडे, शून्य, पाच, यांचं विचारूच नका.
तीन आणि नऊ वरून धड दिसतात,
त्यांनाही आत खोल कुठंतरी चीर आहे.
हिच्यापुढं जागाच नाही. रांग इथं संपते.

रंगारी मकबूल वांगडे, दाभोळचा.
गेलेला तीन त्यानं नीट भरला,
प्रायमरचे दोन हात, मग काळा.
“आता नववा कुठला मारू, मास्तर?”
सात, म्हटलं. आणि त्याच्याखाली प्रायमर नको.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पाण्याकडं.
“पावसाळाभर पन टिकायचा नाय.”
इथं कुठला पावसाळा, म्हटलं. मार तू.

आज ऑक्टोबरची बारा.
साताची आडवी रेघ पापुद्रा होऊन उडाली,
उरलेला दांडा लांबून एकासारखा दिसतो.
म्हणजे तूर्त नवाऐवजी
तिनानं.