शिव्यांची वही

सोमवारी उद्यमनगर गप्प असतं.
पद्मराजच्या पॅटर्न शॉपमध्ये
सागवानी भुशावर सतरंजी टाकून
आम्ही चौघं एक राज्य चालवतो :
किल्ले, बुटके लोहार, एक आजारी ड्रॅगन
आणि वीस बाजूंचा फासा,
जो कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

आठ महिने झाले. नकाशा आहे, नाणी आहेत,
वेशीवरच्या जकातीचे दरसुद्धा आहेत.
शिव्या नव्हत्या.
म्हणजे होत्या, पण सगळ्या रंकाळ्यावरच्या.
परवा अल्तमशचा बुटका तटावरून घसरला
आणि पडता पडता जे बोलला
त्यात गंगावेशीतल्या समद्या म्हशी येऊन गेल्या.
केतकी म्हणाली, थांबा.
हा बाराव्या शतकातला गडी
गंगावेशीत दूध प्यायला कधी गेलता?

म्हणून ही वही.
पहिल्या पानावर मी हौसेनं चाळीस लिहिल्या,
मग छाटणी.
हरामखोर : अरबस्तानातून यायला समुद्र लागतो,
आमच्या नकाशाला समुद्र नाही. खोड.
फालतू : फिरंग्यांच्या गलबतातून उतरलेली. खोड.
बटाट्या : बटाटाच आला नाही अजून.
'मग मिरची पण नाही,' पद्मराज हळूच म्हणाला.
कुणी काही बोललं नाही बराच वेळ.
मिरची नाही म्हणजे तांबडा रस्सा नाही.
नुसत्या मिऱ्यावर वाढलेली माणसं
रागावत तरी कशी असतील,
नाकातून? थांबून थांबून?

मग केतकीनं लाल पेन घेतलं.
'आई, बहीण, ज्यांचा फासा पटावर नाही
त्यांना मध्ये ओढायचं नाही.
ज्याची चूक, त्याचं नाव.'
चाळिसातल्या सहा उरल्या.
'अर्धं कोल्हापूर मुकं केलंस की गं,' अल्तमश म्हणाला,
'आमच्या गल्लीत रामराम पण त्यानंच सुरू होतो.'

पद्मराजला त्यांच्या बांधावरचा दगड आठवला.
वर चंद्र-सूर्य, खाली गाढव,
आणि गाढवाखाली जे कोरलंय
ते पोरांना दाखवत नाहीत.
देणारा गेला, ज्याला दिली तो गेला,
दगड अजून शिवी देतोय
आणि भुईमूग ऐकतोय.
'अस्सल जुनी आहे,' तो म्हणाला, 'ही तरी घ्या.'
पण तिथंही आईच होती.
केतकीनं दगडालाही लाल रेघ मारली.

मग तिनं अल्तमशला विचारलं,
तुझा बुटका कशाला भितो रे?
तो फासा बोटांत फिरवत बसला.
मरणाला नाही, म्हणाला. ड्रॅगनला तर नाहीच.
भट्टी विझायला.
सात पिढ्या तेवत आलेली आग
आणि नेमका आपल्या पाळीला डोळा लागला तर.

तिथून वही चालायला लागली.
विझक्या. राखखाऊ.
पोकळ ओतीव, म्हणजे वरनं चकचकीत, आत हवा.
ही मी दिली, आमच्या फाउंड्रीतली,
साहेबांकडं बघून सुचलेली.
आणि सगळ्यात वाईट, बाजारात उच्चारली
तर तलवार निघेल अशी :
थंड भट्टीच्या.
पेन्सिलीनं लिहिली. बघू म्हटलं, टिकते का.

मंगळवारी ओतकाम होतं.
साचा फुटला, बिडाचा एक थेंब
बुटाच्या कडेनं आत शिरला
आणि समोर रस लालभडक उसळत असताना
मी बोंबललो, 'थंड भट्टीच्या!'

तायाप्पा बादली घेऊन पळत आला.
माझा पाय पाण्यात धरून म्हणाला,
'कुठल्या गावची म्हणायची ही?'
काय सांगणार. नकाशा सोमवारच्या पिशवीत होता.

चार वाजता क्रेनची साखळी अडकली.
वरून तायाप्पाचा आवाज आला,
'हल की थंबाट्टीच्या!'

रात्री वही काढली,
पेन्सिल पुसली, पेननं लिहिलं :
थंबाट्टीच्या.