शीव, शिवण

येत्या जूनमध्ये गावाला दीडशे वर्षं होतील.
ज्यांनी ऑर्लिन हाइट्सचं नाव काढलं
त्यांची नावं काढायला बसलो आम्ही पाच जण,
वाचनालयाच्या तळघरात, हीटरला पाय लावून.
ब्राँझच्या पाटीवर जागा बाराचीच.
अक्षरामागे साडेचार डॉलर.

आधी सिनेटर वेदरबी. त्यांचा जन्म इथला:
बर्फात गाडी अडकली, आईला उतरवावं लागलं,
चौथ्या दिवशी रूळ मोकळे झाले
आणि बाळ गेलं ते पुन्हा फिरकलंच नाही.
तरी जन्म तो जन्म, म्हणाल्या मिसेस ऑकर्मन.
केक त्यांच्या घरचा होता. कुणी वाद घातला नाही.

मग लेफ्टी डॅनहाउसर. मोठ्या लीगमध्ये
त्यानं सात चेंडू टाकले, आठव्याला खांदा निखळला;
पुढची चाळीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात
खिळे तोलता तोलता तो ते सात चेंडू सांगायचा.

मिस यूलेलिया पिंकनी, रोज सकाळी सातला पाऊस मोजणारी.
कोरड्या दिवशीही वहीत शून्य लिहायला
एकेचाळीस वर्षांत चुकली नाही.
हिचं नाव मी लावून धरलं.

आणि अर्थात थॅडियस क्रुल,
बलूनमधून सरोवर ओलांडलेला.
शाळा त्याच्या नावाची, पूल त्याच्या नावाचा,
कोपऱ्यावरच्या कॅफेत मटाराचं सूपसुद्धा त्याच्याच नावाचं.

इथे मी घसा खाकरला.
जिल्ह्याचा भूमापक होतो मी, तेहेतीस वर्षं.
एक गोष्ट तेव्हापासून पोटात ठेवली होती:
गावाची शीव क्रुलच्या घरातून जाते.
तीनदा साखळी टाकून पाहिली.
स्वयंपाकघर आमचं, पलंग शेजारच्या ब्रेंटनचा.
आणि कायद्यानं माणूस
जिथे झोपतो तिथला.

कागदावर एकवेळ चाललं असतं,
ब्राँझवर मला धजवेना.

मिसेस ऑकर्मननी सुरी खाली ठेवली.
हीटर तेवढा खडखडत राहिला.

क्रुलला वाचवलं त्याच्या मोलकरणीनं.
पुतणीनं दिलेल्या खोक्यात, मोज्यांच्या खाली,
बोझेना ह्रुश्कानं बहिणीला लिहिलेलं, कधीच न टाकलेलं पत्र.
स्लोव्हाक चर्चच्या म्हाताऱ्या पाद्रींनी वाचून दाखवलं:

*वर जाऊन आल्यापासून साहेबांना गादी सोसत नाही.
पडतोय पडतोय वाटतं म्हणतात.
माझ्या चुलीपाशी लाकडी बाकावर अंग टाकतात,
मला निखारे झाकायलाही चोरपावलांनी जावं लागतं.*

क्रुल आमचा! टाळ्या पडल्या,
केकचा दुसरा तुकडा सगळ्यांनी घेतला.
पाद्री मात्र वाचतच होते:

*एकशे बारा पट्ट्या रेशमाच्या, सगळ्या मीच शिवल्या.
अजून बोटांचा मेणाचा वास जात नाही.
निघायच्या आदल्या रात्री साहेबांनी विचारलं,
वर एखादा टाका उसवला तर?
मी म्हटलं, टाके माझे आहेत.*

आता बारा झालेत, म्हणाला खजिनदार.
आणि हिची नोंद तरी कुठे आहे?
होती. शिरगणतीच्या वहीत मी शोधली.
*नोकर, स्त्री, एक.*
बावन्न वर्षं, त्याच घरात.
चुलीमागची खोली, सहा बाय नऊ, एक खिडकी.
शिवेपासून पुरती साडेअकरा फूट आत.
त्या घरात हिच्याइतकं आमचं
कुणीच नव्हतं.

पाटी तशीच ओतायला गेली, बारा नावांची.

परवा पहाटे मी जुनी पेटी उघडली.
हद्दीच्या खुणेच्या पितळी खुंट्या उरल्या होत्या तीन.
एकीच्या डोक्यावर ठशानं दोन अक्षरं उठवली,
त्या खिडकीसमोरच्या फुटपाथला भोक पाडलं
आणि ठोकून बसवली, पार सपाट.
हात आता थरथरतात, दुसरं अक्षर जरा कलंडलं.

कुत्रा घेऊन जाणाऱ्या पोरीनं विचारलं,
काका, इथून हद्द लागते का?
हो म्हणालो.
मग गुडघे झटकत उठायला
तिनंच हात दिला.