एकेचाळिसावं मिनिट

रबाळ्याची शिफ्ट संपवून वाशीच्या वर्गात
मी आधी रेकॉर्डिंग चालू करतो,
फोन बाकावर पालथा ठेवतो, मग बसतो.

आज रविवार. कोपरखैरण्याच्या खोलीत
इअरफोनची एकच बाजू चालते, डावी.
तांडेल मॅडम करार कायदा सांगतायत:
प्रस्ताव, स्वीकृती.
"आणि गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे,
लग्नाच्या बोलणीत काय ते तुमचं तुम्ही बघा."
हशा. खडू मोडल्याचा आवाज.

एकेचाळिसाव्या मिनिटाला काहीतरी घरघरतं.
पंखा असेल म्हणून मी आवाज वाढवला.
पंखा नव्हता.

कुणीतरी खुसखुसलं. बाक सरकला.
"राहू दे रे जयवंता, उठवू नकोस.
फोन जागा आहे त्याचा."

मग चपला जवळ येत गेल्या,
इतक्या, की बांगडी बाकाला लागलेली ऐकू येते.
प्रतिफलाची व्याख्या त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितली,
सावकाश, दोनदा,
फोनच्या कानात सांगावी तशी.

चार वेळा मागे नेलं.
वहीत अजून नुसती तारीख.
उजव्या कानात शेजारच्यांचा कुकर,
डाव्या कानात मी घोरतोय
आणि त्या हळू बोलतायत.