वारा पडल्यावर

उकंडरावांचा पंप मागून आणला,
डावा पट्टा सुतळीनं बांधलेला.
बाटलीवर निळा तिकोन.
निळा म्हणजे फार नाही, दुकानदार म्हणाला
अन् सुट्टे मोजत राहिला.

जिंतूरच्या पाटबंधारे कॉलनीत
संध्याकाळी वारा पडल्यावर
तोंडाला दस्ती बांधून
फाटकापासून मोरीपर्यंत मारत गेलो.
गाजरगवत, हरळी, आघाडा.
दहा दिवसांवर पोरीला बघायला पाहुणे.

सकाळी जैतुनबी आली, पदर खोचून.
"चाची, आज नको. औषध मारलंय."
"कशावर?"
"तणावर."
ती वाकली. बोट न लावता म्हणाली,
"ये तो कुंजर हाय ना, बाबा."
हिरवंगार होतं सगळं,
कालच्यापेक्षा जरा जास्तच.

आठव्या दिवशी अंगण खाकी.
पाहुणे आले, चपला काढताना म्हणाले,
जागा मोकळी आहे.
पंप तीनदा धुऊन दिला, तरी
उकंडरावांच्या बायकोनं तो
टोमॅटोच्या वाफ्यापासून लांब टांगला.

फक्त भिंतीच्या कोपऱ्यात,
सुतळी तुटली होती तिथं,
वीतभर कुंजर उभं आहे.
जैतुनबी जाता-येता फाटकातून बघते.
तोडा म्हणायला जीभ उचलत नाही.
नको म्हणायलाही.