मधलं वर्तुळ

संध्याकाळी साडेपाचला मी जिममध्ये
निळी चिकटपट्टी मारली.
चार कोपरे, चार उमेदवार,
आणि ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी
बास्केटबॉलचं मधलं वर्तुळ.
ते आयतंच होतं.

एकतीस वर्षं या शाळेच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत.
या लाकडावरून मी पोरांचा घाम पुसलाय,
हरलेल्या संघाचं रडू,
एकदा एका लग्नात सांडलेलं गुलाबी सरबत.

बाहेर उणे अठरा.
आयोवाचा फेब्रुवारी बुटांना चिकटून आत येतो.
प्रत्येकजण दारात थबकून
आधी कोण कुठे उभं आहे ते बघतो,
मग कोट काढतो.

इथे मत झाकून देता येत नाही.
पायांनी द्यावं लागतं,
त्या शेजाऱ्यादेखत
ज्यानं आज सकाळी तुमच्या दारातला बर्फ उपसला.

खिडकीखाली तरुण पोरं.
त्यांच्या घोषणा यमकात आहेत.
घड्याळाखाली सिनेटरबाईंची माणसं.
त्यांच्या घोषणेला यमक नाही,
‘जमेल तेवढं, पण नक्की’ असं काहीतरी,
आणि तेही जरा खाकरून.
स्कोअरबोर्डाखाली दोनदा गव्हर्नर झालेला तो,
ज्याचं कुणाशीच भांडण नाही,
म्हणून कुणाला त्याचं नाव चटकन आठवत नाही.

दगडापेक्षा वीट मऊ, असं लोक म्हणतात.
डेल व्हॅन रोकेलनं जन्मभर विटा रचल्या.
त्याला विचारा,
पायावर पडली की वीट किती मऊ असते.

मार्लिस ड्रेकस्ट्रा वर्तुळात एकटी.
हातात लेमन बारचा डबा.
एकीचं बोलणं पटतं म्हणते, दुसऱ्याचा आवाज.
‘माझ्या इन्सुलिनला क्रांती नको,
भाव उतरला तरी पुरे.’
खिडकीखालून तिचा टोबिन म्हणतो,
‘उतरला की पुन्हा चढतो, आई.’
थँक्सगिव्हिंगनंतर पहिल्यांदाच बोलला तो तिच्याशी,
तेही शंभर माणसांवरून, ओरडून.
मी झाडूवर हनुवटी टेकून ऐकत होतो.
दोघांचंही खरं होतं.
खरं असं दोन तुकड्यांत आलं
की माणसानं कुठल्या कोपऱ्यात जावं?

मोजणी. एकशे चार माणसं.
कोपरा टिकायला सोळा लागतात.
घड्याळाखाली चौदा.

मग पंधरा मिनिटं मनधरणीची.
कुणी खांद्यावर हात ठेवतो, कुणी कॉफी आणतो,
कुणी जुने उपकार मोजतो, आवाज न चढवता.
मार्लिस आधी खिडकीकडे गेली.
डबा मुलाच्या हातात दिला, काही बोलली नाही.
मग जिम आडवं ओलांडून
घड्याळाखाली जाऊन उभी राहिली.
पंधरा.

तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी म्हणालो, माझ्याकडे किल्ल्या आहेत, मत नाही.
मार्लिस म्हणाली, ‘आर्लो, यादीत नाव आहे तुझं.’

मी गेलो.
पटलं म्हणून गेलो असं सांगता येणार नाही.
तिच्या डाव्या बाजूला जागा रिकामी होती,
आणि रिकामी जागा दिसली
की काहीतरी उचलून तिथे ठेवायची
मला सवय आहे.

सोळा.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, तीनच.

सिनेटरबाईंनी महिन्याभरात माघार घेतली.
बातमी मी बॉयलर रूममध्ये ऐकली,
रेडिओवर, हवामानाच्या आधी.

पण त्या रात्री, सगळे गेल्यावर,
मी पट्ट्या उपटल्या.
तीन कोपऱ्यांत सहज निघाल्या.
घड्याळाखालच्या पट्टीनं थोडं पॉलिश सोबत नेलं.
खिडकीत डबा होता, आत एकच वडी उरलेली.
कुणी कुणासाठी ठेवली, कोण जाणे.
मी अर्धी खाल्ली,
अर्धी झाकून ठेवली,
आणि दिवे घालवताना हसू आलं:
लेका आर्लो,
इथेसुद्धा?