पाच लाख विड्या

बोरामणीच्या अलीकडं इंजिन बसलं.
बसलं म्हणजे काय, ते हुसेनबाशांनी मला दाखवलं,
ह्यांना नाही. हे टायरला टेकून
पाण्याच्या बाटलीचं टोपण नुसतं फिरवत होते.

ब्लॉकच्या कुशीला भोक,
माझी मूठ सहज जाईल एवढं.
रॉड तुटून आतून बाहेर आलेला.
डिपस्टिकला तेल कसलं, दुधाळ चहा.
गरमीचा काटा दोन महिन्यांपासून मेलेला होता,
ते मला त्या उन्हात कळलं.

मी विडी वळते. हजाराला अडीचशे,
छाट जाईल ती वेगळी.
हे लाखाचं बोलायला लागले
की मी मनात विड्या मोजते.

कंपनीचं नवं इंजिन, पाच लाख:
वीस लाख विड्या.
रोज हजार धरल्या तर साडेपाच वर्षं,
एकाही लग्नाला न जाता.

रिकंडिशन, दोन लाख दहा, सहा महिन्यांची गॅरंटी.
पण बदल्यात जुना ब्लॉक द्यावा लागतो,
भोक नसलेला.
बोअर मारून लायनर-पिस्टन, सत्तर हजार.
तेही भोक नसतं तर.

एमआयडीसीतला एक वेल्डर म्हणाला,
बिडाला शिवण घालून देतो, चौदा हजारांत.
"घाल की," हुसेनबाशा म्हणाले,
"शिंप्याला सोबत घेऊन हिंडा मग."

भंगारवाला न बोलावता आला.
ट्रकभोवती एक फेरी मारली,
फाळक्यावर रंगवलेलं मुलीचं नाव वाचलं
आणि किलोचा भाव सांगितला.
त्या दिवशी पहिल्यांदा हे उठून उभे राहिले.

शेवटी अक्कलकोट रोडच्या यार्डात एक सापडलं.
मागून ठोकलेला ट्रक, चेसिस वाकलेली,
पुढचं सगळं धड.
"ड्रायव्हरचं काय झालं?" मी विचारलं.
"इंजिनाला काय कळतंय, वहिनी."
"मला कळतं ना."
यार्डवाल्यानं फोन लावला. लातूरकडचा माणूस.
पाय मोडला होता, आता चालतो म्हणाला,
आणि इंजिन सकाळी जरा आळशी आहे, म्हणाला,
दोनदा चावी मारा.

मग हुसेनबाशांनी ते जमिनीवरच सुरू केलं.
तेलाचं टोपण काढून धुराला तळहात धरला,
चुंबक तेलात बुडवून बाहेर काढलं,
बोटानं पुसलं, उजेडात धरलं. चार कण.
"एवढे तर माझ्या डोळ्यात जातात रोज."
एक चाळीसवरून एक पंचवीस.
पाच लाख विड्या.
भिशी आठ हजार सोडून उचलली,
बाकीचं माझ्या भावाकडून, जो अजून
ह्यांच्याशी नीट बोलत नाही.

आरटीओत दोन आठवडे गेले.
बिल दाखवा, जुन्या मालकाचा कागद दाखवा,
नंबर घासून दाखवा.
आरसीवर इंजिनाचा आकडा बदलला, चेसिसचा तोच.
हे दोन्ही पाठ करत होते जेवताना,
शाळेतल्या पोरासारखे,
आणि मधेच भाकरी हातात तशीच.

पहिली खेप टॉवेलच्या गठ्ठ्यांची, हैदराबाद.
विडी घरकुलच्या वळणावर गिअर पडला
की मी झोपेतही ओळखायची आमची गाडी.
उठून कढई ठेवायची. ते दारात येईपर्यंत
शेंगाची चटणी ताटात असायची.
परवा रात्री एक ट्रक आला, वळला, थांबला.
कुणाचा तरी असेल म्हणून मी कूस बदलली.

कडी वाजली तेव्हा दचकले.
"झोपलीस?" हे म्हणाले.
बाहेर अंधारात ते परकं इंजिन
गार होताना टिकटिक करत होतं.
मी काय सांगणार.
"काटा चालतो का?" मी विचारलं.
"चालतो."
"बघितलास का पण?"

चार लाख ऐंशी हजार राहिल्यात अजून.